काळ्या दगडाचे मस्टर



कामगारांत वावरताना आम्ही एक धडा शिकलो: ज्याच्या हाती मस्टर, त्याच्या हाती मजुराचा दिवस. बारा तास राबलेल्याचे आठच तास लिहिलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणूनच, ज्यात कोणालाही खाडाखोड करता येत नाही अशा एका मस्टराविषयी आज बोलावयाचे आहे.

ते आपल्या पायाखालीच आहे. बाभुळगावात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो एके काळी वितळलेला लाव्हा होता. त्यातील पोटॅशियमचा अगदी थोडा अंश किरणोत्सर्गी असतो. त्याचे अणू एकेक करून पालटतात, आणि काहींचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ होता तोवर हा वायू निसटून जात असे. दगड थिजला तसा तो आत कोंडू लागला. त्या दिवशी मस्टराचे पहिले पान उघडले. कोंडलेला वायू आणि उरलेले पोटॅशियम मोजले की वय निघते. दख्खनच्या या पाषाणाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे भरते.

एखादा अणू केव्हा पालटेल हे कोणी सांगू शकत नाही. पण कोट्यवधी अणूंच्या समुदायाचा हिशेब चुकत नाही. नेहमीच्या जातीचे एक किलो युरेनियम ४४७ कोटी वर्षांनी अर्धा किलो उरते, आणखी तितक्याच वर्षांनी पाव किलो. बाकीच्याचे अखेर शिसे होते. दगड भट्टीत घाला की घणाखाली ठेवा, हा वेग तसाच राहतो.

मग पृथ्वीचे वय किती? आपला पाषाण तिच्या संसारातले कालचे पोर. तिचे आरंभीचे कातळ वितळून, झिजून, मोडून गेले. जन्मवेळचा दगड तिच्यापाशी उरलाच नाही. म्हणून क्लेअर पॅटर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिच्याबरोबरच घडलेल्या उल्का घेतल्या, त्यांतील शिसे मोजले आणि १९५६ साली ४५५ कोटी वर्षे हा आकडा मांडला. आजही तो जवळजवळ तसाच मानला जातो.

पण हे शिसे मोजताना त्यांचा हिशेब वारंवार बिघडे, कारण प्रयोगशाळेच्या हवेत, धुळीत, पाण्यात बाहेरचे शिसे होतेच. त्यांनी खोली वर्षानुवर्षे घासून काढली, आणि मग विचारले, हे येते कोठून? बरेचसे येत होते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाच्या रसायनातून. तेच रसायन बनविताना १९२४ साली न्यू जर्सीतील एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले होते! तरी धंदा चालूच होता. पॅटर्सन उघड बोलले, तेव्हा तेलधंद्याकडून मिळणारा संशोधनाचा पैसा बंद झाला. ते मागे हटले नाहीत. भारतात २००० साली असले पेट्रोल बंद झाले, आणि २०२१ साली जगातून मोटारींसाठीची त्याची विक्री संपली.

मित्रहो, दगडाचे मस्टर खरे वाचावयाचे म्हणून या माणसाने आधी हातची घाण धुतली, आणि तीच घाण सर्वांच्या रक्तात आहे असे दिसताच तो गप्प बसला नाही. उद्या कोणी आपल्याला विचारील की, पोटाच्या प्रश्नापुढे पृथ्वीचे वय कशाला हवे? त्याला ही हकीकत सांगा.