रात्री नऊची हजेरी

आम्ही मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या पाच जणी बोलतोय.

घरी फोनवर "क्लबमध्ये आहे" म्हटलं की पलीकडून येतं, "म्हणजे नाचगाणं का गं?" तेही असतं कॉलेजात. पण आमचा क्लब गाडी बनवतो. एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेसाठी, एका माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी. पाईप कापायचे, वेल्डिंग करायचं, ब्रेक बसवायचे. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत, नाहीतर चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत उतरताच येत नाही. हे फळ्यावर कसं शिकणार?

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी तर असंच जमून 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीने तो श्रीहरिकोट्याहून वर नेला. मधे कितीतरी बॅच पास होऊन गेल्या, काम चालूच राहिलं.

आमचं अडतं ते वेळेत. दिवसा लेक्चर आणि प्रॅक्टिकल, वर्कशॉप मोकळं मिळतं संध्याकाळी सहानंतर. मुलींच्या हॉस्टेलची हजेरी नऊला. मुलं बारापर्यंत थांबतात. मग वेल्डिंग त्यांच्याकडे जातं, आणि आमच्याकडे रिपोर्ट, स्पॉन्सरची पत्रं, पाहुण्यांचा चहा. रिपोर्टलाही मार्क असतात, नाही असं नाही. पण नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, "तू स्वतःच्या हाताने काय केलंस?"

मद्रासच्या गिंडी कॉलेजातून 1943 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात तान्ही मुलगी. त्या 1964 साली महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला न्यूयॉर्कला गेल्या, पुढे लंडनच्या महिला इंजिनिअरांच्या संस्थेच्या सभासदही झाल्या. त्यांना वडिलांनी शिकायला पाठवलं होतं.

आम्हाला न्यूयॉर्क नको, रात्री अकरा हवेत. तेही स्पर्धेआधीचे दोन महिने. रेक्टर बाई म्हणाल्या, पालकांच्या सह्या आणा. तीन आल्यात, दोन राहिल्यात. त्या दोन घरी आत्ता रेडिओ लावलेला आहे, आम्हाला ठाऊक आहे. काकू, वर्कशॉपमध्ये एक मॅडम शेवटपर्यंत थांबणार आहेत आणि हॉस्टेल त्याच आवारात आहे. शनिवारी येऊन एकदा बघून जा. चहा या वेळी मुलं करतील.