सशांचं बेट



हिरोशिमाच्या संग्रहालयात आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. शिनिची नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची जळकी तीनचाकी सायकल तिथे आहे. वडिलांनी ती त्याच्याबरोबरच अंगणात पुरली होती, १९८५ मध्ये ती वर काढली. तिच्यापुढे सगळेच गप्प होतात. मी आज बोलणार आहे ते मात्र त्याच हिरोशिमा प्रांतातल्या दुसऱ्या एका जागेबद्दल.

ओकुनोशिमा हे ताकेहारा शहराजवळचं चिमुकलं बेट. तादानोउमी बंदरातून बोटीने पंधरा मिनिटं. शेकडो ससे मोकळे हिंडतात, त्यामुळे मुलंबाळं असलेली कुटुंबं हमखास जातात. आम्हीही लेकीच्या हट्टापायी पिशवीभर कोबी घेऊन गेलो. कोबी संपला, आणि झाडीत एक मोठी पडकी इमारत दिसली. "बाबा, हे कुणाचं घर?"

ते वीजघर होतं. १९२९ ते १९४५ या काळात या बेटावर जपानी लष्कराचा विषारी वायूंचा कारखाना होता. मस्टर्ड गॅस, ल्युइसाइट वगैरे मिळून सहा हजार टनांहून जास्त माल निघाला. असे वायू युद्धात वापरू नयेत या १९२५ च्या जिनिव्हा करारावर जपानची सही होती. मंजुरी दिली ती थेट १९७० मध्ये! बेट नकाशावरून गाळलं गेलं. वायू वापरला गेला चीनमध्ये. कामाला शाळकरी मुलंसुद्धा जुंपली होती, अनेकांना फुप्फुसांचे विकार जन्मभर पुरले. ससे तेव्हाही होते, वायूच्या चाचण्यांसाठी. (आजचे ससे त्यांचे वंशज नव्हेत, असं मानतात.)

१९८८ मध्ये तिथे एक छोटं संग्रहालय उघडलं. त्याचे पहिले संचालक मुराकामी हात्सुइची लहानपणी त्याच कारखान्यात कामाला होते. आपण काय सोसलं याबरोबर आपण काय केलं तेही सांगायचं, हा त्यांचा आग्रह. हे हिरोशिमापेक्षा अवघड आहे असं मला वाटतं. आणि विषय इतिहासजमाही झालेला नाही. २००३ मध्ये चीनमधल्या चिचिहार शहरात बांधकामाच्या खोदाईत जपानी सैन्याने टाकून दिलेली मस्टर्ड गॅसची पिंपं निघाली. एक जण दगावला, चाळीसहून अधिक जखमी झाले.

आता आपल्याकडे या. हुतात्मा चौक आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच हवा. पण तिथे आपली माणसं मेली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने ठार केलं. "हे आम्ही केलं" अशी पाटी महाराष्ट्रात कुठल्या गावाच्या वेशीवर आहे? इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना शिवाजी महाराज आणि गणपती आपण आवर्जून सांगतो. खैरलांजी कोण सांगणार?

माझी सूचना साधी आहे. सप्टेंबरची बैठक २९ तारखेच्या आसपास घ्यावी, विषय खैरलांजी ठेवावा, आणि बारा वर्षांवरच्या मुलांना दुसऱ्या खोलीत खेळायला न पाठवता आपल्याबरोबर बसवावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ताच बोलावं, वेळ आहे.