ट्रॅक्टरची लिफ्ट गळू लागली तर



आजचा विषय जरा तेलकट आहे, पण कामाचा आहे. ट्रॅक्टरच्या मागे नांगर किंवा रोटाव्हेटर उचलून धरणाऱ्या यंत्रणेला आपण ‘लिफ्ट’ म्हणतो. ट्रॅक्टर जुना झाला, की ही लिफ्ट कधी ना कधी तेल गाळू लागते. सकाळी पाहावे तो ट्रॅक्टरखाली ताटाएवढा डाग! अशा वेळी नवशिक्याने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

आपल्या माणगाव भागात हा प्रश्न थोडा निकडीचाच. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. खलाटीत पाणी साठले, की चिखलणीला हाती मोजकेच दिवस राहतात. कालव्याचे पाणी मिळते त्या वर्षी उन्हाळी भातालाही तीच घाई. त्या दिवसांत ट्रॅक्टर अडून बसला, की रोप वाढून जाते आणि लावणी लांबते. मिस्त्रीही त्याच आठवड्यात दहा ठिकाणी अडकलेला असतो. म्हणून गळतीची ओळख आपली आपल्याला हवी, आणि ती पावसाआधी करून घ्यायला हवी.

लिफ्ट उचलते कशी, ते आधी पाहू. पास्कल नावाचा एक फ्रेंच शास्त्रज्ञ सतराव्या शतकात होऊन गेला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा नियम त्याने सांगितला. ट्रॅक्टरमधला पंप तेलावर दाब देतो. ते तेल सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलते आणि पिस्टन मागचे हात वर उचलतो. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने अवजार तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने पेलण्याची पद्धत बसवली. १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून तसे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. आज आपल्या शेतात दिसणारी लिफ्ट मुळात तीच.

आता हा दाब असतो तरी किती? त्यासाठी आपल्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. घाटावरचे मुळशीचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि तिथली चाके फिरवते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे भिऱ्याला तो होतो सुमारे पन्नास किलो. आणि ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये? दीडशे किलो सहज! भिऱ्याच्या नळात असतो त्याच्या तिप्पट दाब आपल्या ट्रॅक्टरच्या बोटभर जाड पाइपात असू शकतो.

एवढे लक्षात आले, म्हणजे पहिला नियम आपोआप पटेल. दाबाखाली असलेली गळती हाताने चाचपू नये. पाइपाला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तर त्यातून येणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडीतून आत शिरते. बाहेरून पाहाल, तर काटा टोचल्याएवढी खूण. सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत गेलेले तेल मांस कुजवते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. असे कधी झाले, तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दुसरा नियम. लिफ्टने उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. जी लिफ्ट गळते आहे, तिच्यावर विसंबायचं कसं?

मग कामाला हात घालायचा कसा? ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका, चाकांना दगड लावा. नंतर लिफ्टचा दांडा दोन-चार वेळा वरखाली करा, म्हणजे आत उरलेला दाब निघून जाईल. तेल गरम असेल, तर निवू द्या.

आता पाना उचलायचा नाही. आधी पाहायचे आणि पुसायचे. गळणारे तेल कोणते, ते पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन बघा. काळे असेल, तर बहुधा इंजिनचे. पिवळसर-तांबूस आणि स्वच्छ असेल, तर लिफ्टचे किंवा गिअरचे. वासावरून डिझेल ओळखता येते. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. चिखलणीत चाके बुडेपर्यंत ट्रॅक्टर घातला, की हे होऊ शकते. ते तेल बदललेच पाहिजे.

त्यानंतर संशयाचा सगळा भाग ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून धुवा आणि कोरडा पुसा. मग त्यावर खडूची पूड भुरभुरवा. शिक्षक मित्रहो, फळ्याखाली साचते ना, तीच पूड! आता इंजिन सुरू करा, अवजार चार-पाच वेळा उचला, टेकवा आणि इंजिन बंद करून बघा. पूड जिथे पहिल्यांदा भिजली, तिथे गळतीचे मूळ. तेल वरून खाली ओघळते, म्हणून थेंब कुठे पडतो ते पाहू नका. सगळ्यांत वरची ओली जागा कोणती, ते पाहा. बारीक धारेचा संशय असेल, तर लांब काठीला पुठ्ठा बांधून तो पाइपाजवळ फिरवा. धार पुठ्ठ्यावर उमटेल. हात दूरच राहू द्या.

मूळ सापडले, की निम्मे काम झाले. आता ते आपल्या हातचे आहे का, एवढे ठरवायचे. बहुतेक बाहेरच्या गळत्या चार जागी असतात.

पहिली जागा पाइपाचा सांधा. दाब काढून नट बेताने आवळा. गळती थांबेना, म्हणून जोर लावलात, तर आटे जातात आणि पाच मिनिटांचे काम पाच दिवसांवर जाते. सांध्यात तांब्याची चकती असेल, तर ती नवी घाला. सांध्याला नळाची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा आत गेला, तर झडप अडकते.

दुसरी जागा रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग. जुनी कडी दुकानात घेऊन जा आणि जाडी व घेर दोन्ही जुळवा. कडी तेलात टिकणाऱ्या रबराचीच हवी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातला, तर तो फुगून निकामी होतो. खाच स्वच्छ पुसा, कडीला तेल लावा आणि पीळ न पडता बसवा. टोकदार पेचकसाने ढकललीत, तर ती तिथेच चिरते.

तिसरी जागा रबरी होज पाइप. तो फुगला, चिरला, घामेजला, की बदलायचा. चिंधी, तार किंवा चिकटपट्टी बांधून दीडशे किलोचा दाब थांबत नाही. नवा पाइपही दाबाच्या मापाचाच मागून घ्यावा.

चौथी जागा झाकणाखालचे पॅकिंग आणि फिरत्या दांड्याचे ऑईल सील. बाहेरचे लहान झाकण असेल, तर नवशिक्याने धीर करावा. सील काढायला आतले भाग उघडावे लागत असतील, तर मिस्त्रीला बोलवावे.

एक गळती मात्र फसवी असते. जमीन कोरडी, तेलाची पातळी ठीक, आणि तरी उचललेले अवजार इंजिन बंद करताच भराभर खाली येते. ही गळती आतली, पिस्टनच्या कड्यांतली किंवा झडपेतली. तिच्यासाठी लिफ्टचे वरचे जड झाकण उतरवावे लागते. तिथे आपण थांबायचे. पण थांबतानाही मिस्त्रीच्या उपयोगाची माहिती द्यायची. अवजार किती मिनिटांत उतरते? तेल थंड असताना, की तापल्यावर? ओझे असताना, की रिकामेही? अशी माहिती मिळाली, तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसाही.

दुरुस्तीनंतर पुस्तकात सांगितलेले तेलच स्वच्छ डब्यातून भरा. लिफ्ट काही वेळा रिकामीच वरखाली करा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. मग पातळी पुन्हा बघा. पहिल्या दिवशीचे काम झाल्यावर सांधे पुन्हा एकदा पाहा. काढलेले तेल कालव्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याला द्या. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा किती दूर पसरतो, ते आपण भाताच्या खाचरात पाहतोच.

शिक्षक मित्रहो, पास्कलचा नियम वर्गात शिकवताना सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक लहान, एक मोठी. मधे रबरी नळी जोडा आणि पाणी भरा. लहान पिचकारी अंगठ्याने दाबली, की मोठी पिचकारी वहीपुस्तकांचा गठ्ठा उचलते. मग मुलांना गावातल्या, इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरपाशी न्या आणि ‘यातली मोठी पिचकारी कुठे आहे?’ असे विचारा. त्यांतली काही मुले उद्या हाच ट्रॅक्टर चालवणार आहेत. दाब म्हणजे काय हे ज्याला शाळेत कळले, तो गळतीवर बोट ठेवणार नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, यंदा मृगाची वाट पाहू नका. एखादी मोकळी सकाळ काढा, ट्रॅक्टर धुऊन कोरडा करा आणि खडूची पूड घेऊन बसा. पाना त्यानंतर.