विमान कंपनी बंद पडते तेव्हा प्रवाशाचे पैसे

विमानाचे तिकीट आधी आणि प्रवास नंतर, कधी दोन दिवसांनी तर कधी सहा महिन्यांनी. दिवाळीची तिकिटे जूनमध्ये काढली जातात, लेहची मे महिन्यातली तिकिटे जानेवारीत. मधल्या काळात ती रक्कम विमान कंपनीच्या हातात असते. त्यातून इंधनाची बिले भागतात, पगार होतात, भाड्याने घेतलेल्या विमानांचे हप्ते जातात. म्हणजे प्रवासी कंपनीला एक प्रकारचे कर्जच देत असतो. त्यावर व्याज नसते, तारण नसते आणि आपण कर्ज दिले आहे हे त्याला ठाऊकही नसते. कंपनी सुरळीत चालली असताना याने काही बिघडत नाही. ती अचानक बंद पडली, की याच कर्जाची वसुली हजारो कुटुंबांच्या माथी येते.

चालू कंपनीने उड्डाण रद्द केले तर भारतातले नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार प्रवाशाला दुसरे विमान किंवा संपूर्ण परतावा यांपैकी एक निवडता येते. वेळेत सूचना दिली नसेल तर नुकसानभरपाईही आहे. प्रवास एका तासापर्यंतचा असल्यास 5,000 रुपये, दोन तासांपर्यंतचा असल्यास 7,500 आणि त्याहून लांबचा असल्यास 10,000 रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत द्यायचा असतो. तिकीट एजंटाकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी. परताव्याऐवजी पुढच्या प्रवासासाठी रक्कम जमा ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे. कंपनीला तसे परस्पर करता येत नाही.

हे सगळे नियम एक गोष्ट गृहीत धरतात. कंपनी उभी आहे, तिच्या खात्यात पैसे आहेत आणि ते देण्याची तिला मोकळीक आहे. दिवाळखोरीत यातले काहीच उरत नाही. गेल्या काही वर्षांतल्या दोन प्रकरणांत हे दोन वेगळ्या तऱ्हांनी दिसले.

पहिले प्रकरण जेट एअरवेजचे. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे तिचे शेवटचे उड्डाण ठरले. बँकांनी तातडीची रक्कम द्यायला नकार दिला आणि इंधन भरायलाही पैसे उरले नाहीत. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने स्टेट बँकेचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला तो 20 जूनला. मधले दोन महिने परतावा द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण तिजोरीच रिकामी होती.

दुसरे प्रकरण गो फर्स्टचे, म्हणजे पूर्वीच्या गोएअरचे. वाडिया समूहाच्या या कंपनीने 2 मे 2023 रोजी स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिन पुरवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीकडून वेळेत इंजिने न मिळाल्याने निम्मी विमाने जमिनीवर राहिली, असे कारण तिने दिले. आधी 3 ते 5 मेची उड्डाणे रद्द झाली, मग ही मुदत दर थोड्या दिवसांनी पुढे सरकत राहिली. डीजीसीएने नोटीस काढली, नियमाप्रमाणे परतावा देण्यास सांगितले आणि नवी तिकिटे विकणे थांबवायला लावले. तोवर कंपनीही मूळ खात्यात पैसे परत करण्याची भाषा करत होती. 10 मे रोजी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि चित्र पालटले.

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 14 नुसार अर्ज दाखल होताच कंपनीविरुद्धच्या सर्व वसुलीला स्थगिती मिळते. नवे दावे दाखल करता येत नाहीत, जुने पुढे चालत नाहीत, कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणीही थांबते. कारभार संचालक मंडळाकडून काढून न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो. जुनी देणी कुणाची आधी आणि कुणाची नंतर, हे त्याला मर्जीने ठरवता येत नाही. एखाद्या प्रवाशाची दया येऊन त्याचे चार हजार रुपये परत केले, तर तो इतर धनकोंवर अन्याय ठरतो. म्हणून 9 मेपर्यंत जो प्रवासी परताव्याचा हक्कदार होता, तो 10 मेनंतर दावेदारांच्या लांब रांगेतला एक झाला.

ही रांग कायद्याने आखलेली आहे. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याची वेळ आली, तर कलम 53 मधला क्रम लागू होतो. पहिला हक्क दिवाळखोरी प्रक्रियेच्या खर्चाचा. त्यानंतर कामगारांचे 24 महिन्यांचे थकीत वेतन आणि तारण असलेल्या बँका. मग इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन, विनातारण वित्तीय कर्जे, सरकारी देणी. या सर्वांच्या खाली ‘उरलेली देणी’ असा एक गट आहे आणि तिकिटाचे पैसे सहसा त्यात येतात. वस्तू किंवा सेवेसाठी आगाऊ रक्कम भरणारा ग्राहकही परिचालन धनको, म्हणजे व्यवहारातल्या देण्याचा दावेदार, ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका निकालात स्पष्ट केले. त्यामुळे दावा करण्याची वाट पक्की झाली, रांगेतली जागा मात्र बदलली नाही. कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या धनको समितीत मतदान वित्तीय धनकोंचे, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचे, चालते. प्रवाशाला तिथे मत नाही.

विमान कंपनीच्या बाबतीत ही शेवटची जागा जवळजवळ रिकाम्या हातांची असते. कारखान्याकडे जमीन असते, यंत्रे असतात. विमान कंपनीची विमाने बहुधा परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली असतात. गो फर्स्टच्या विमानांचे मालक आपली विमाने परत मागत न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमाने व इंजिने कलम 14 च्या स्थगितीतून वगळली, आणि एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. त्याआधी 2018 मध्ये घर खरेदीदारांचे हाल पाहून संहितेत दुरुस्ती झाली आणि त्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. विमानांच्या मालकांसाठी वाट निघाली, घर घेणाऱ्यांसाठी निघाली. घर घेणाऱ्यांइतक्याच विश्वासाने आगाऊ पैसे भरणारा विमान प्रवासी मात्र होता तिथेच राहिला. ही कायद्यातली उघडी उणीव आहे आणि ती भरून काढायला हवी. प्रवास होईपर्यंत भाड्याची रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याची सक्ती, हा त्यावरचा एक सरळ उपाय.

दावा तरीही करावाच. प्रक्रिया सुरू झाल्यावर वर्तमानपत्रांत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना येते. तिच्यात दाव्याचा अर्ज आणि शेवटची तारीख दिलेली असते. अर्जासाठी पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. ई-तिकीट, पीएनआर क्रमांक, पैसे वजा झाल्याचे बँकेचे विवरण आणि उड्डाण रद्द झाल्याचा संदेश किंवा ईमेल जोडावा लागतो. कंपनीचे संकेतस्थळ कधीही बंद होऊ शकते, म्हणून बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. आणखी एक खबरदारी: उड्डाण कंपनीने रद्द करायच्या आधी प्रवाशाने घाबरून स्वतः ‘कॅन्सल’चे बटण दाबू नये. तसे केल्यास ते प्रवाशाने केलेले रद्दीकरण धरले जाते आणि शुल्क कापून उरलेल्या रकमेवरच हक्क राहतो.

पैसे खरोखर परत मिळण्याची सर्वात चांगली शक्यता असते ती कार्डाने पैसे भरले असतील तर. कार्डाच्या व्यवहारात प्रवाशाची बँक आणि कंपनीची बँक यांच्यामध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचे नियम असतात. पैसे घेतले पण सेवा मिळाली नाही, अशी तक्रार प्रवाशाने आपल्या बँकेकडे केली, की ती बँक कंपनीच्या बँकेकडे रक्कम परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. ही मागणी बँकेची बँकेकडे असते. दिवाळखोर कंपनीच्या दाराशी प्रवाशाला जावे लागत नाही. विमान कंपनी डळमळू लागली की तिची बँक तिकीट विक्रीतला काही भाग अडवून ठेवू लागते, तो याच धोक्यापायी. मुदत सहसा प्रवासाच्या ठरलेल्या तारखेपासून 120 दिवसांची असते. ‘कंपनी देईल, थोडे थांबू’ म्हणत ती हातची जाऊ देणे महागात पडते. बँकेला लिहिताना कंपनी बंद पडली एवढेच सांगू नये. व्यवहाराची तारीख, रक्कम, उड्डाण क्रमांक, ठरलेला दिवस आणि सेवा मिळाली नाही हे कारण, असे सारे एकाच अर्जात लेखी द्यावे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. डेबिट कार्डालाही ही सोय आहे, फक्त तिथे पैसे खात्यातून आधीच गेलेले असतात. नेट बँकिंगने भरलेल्या रकमेला कार्डाच्या नियमांचे संरक्षण मिळत नाही.

एजंटाकडून तिकीट घेतलेल्यांची अडचण निराळी. कमी दरातल्या विमान कंपन्यांचे तिकीट काढण्यासाठी एजंट कंपनीच्या पोर्टलवर आगाऊ रक्कम भरून ठेवतो आणि प्रत्येक तिकिटागणिक त्यातून पैसे वळते होतात. कंपनी बुडाली की एजंटाची ती शिल्लकही अडकते आणि तोही धनकोंच्या रांगेत उभा राहतो. गावातल्या छोट्या एजंटावर चिडून उपयोग नसतो. त्याच्याकडून पैसे भरल्याची पावती आणि तिकिटाची नोंद लेखी घ्यावी. संपूर्ण सहलीचे पैसे सहल कंपनीला दिले असतील तर गोष्ट बदलते. तिथे करार सहल कंपनीशी असतो, आणि ती चालू असेल तर दुसरी व्यवस्था किंवा परतावा तिच्याकडे मागता येतो. तिने टाळाटाळ केल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पर्यायी विमानाचा हक्क तर कागदावरही पातळ होतो. बुडालेल्या कंपनीच्या प्रवाशांना फुकट घेऊन जाण्याचे बंधन दुसऱ्या कंपनीवर नाही. काही कंपन्या अडकलेल्यांसाठी सवलतीचे भाडे जाहीर करतात, पण ती त्यांची मर्जी. एरवी बाजारात जागा कमी झाल्याने भाडे चढतेच. 2023 च्या उन्हाळ्यात श्रीनगर, लेह आणि पुण्याच्या मार्गांवर तसेच झाले. जोडप्रवासाच्या तिकिटाला मात्र वेगळा आधार मिळू शकतो. आंतरराष्ट्रीय ई-तिकिटावर 13 आकडी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: एअर इंडियाचे 098, जेटचे 589. तिकीट चालू कंपनीने दिले असेल आणि त्यातला एकच टप्पा बुडालेल्या कंपनीचा असेल, तर पुढची व्यवस्था किंवा परतावा तिकीट देणाऱ्या कंपनीकडे मागावा. उलट, बुडालेल्या कंपनीने दिलेल्या तिकिटावर दुसरी कंपनी बसू देईलच असे नाही, कारण तिला आपल्या टप्प्याचे पैसे मिळण्याची खात्री उरलेली नसते.

ब्रिटनने या प्रश्नाचा विचार फार आधी केला. तिथे हवाई सहली विकणाऱ्यांना ‘अॅटॉल’ नावाचा परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरावे लागतात. कंपनी बुडाल्यास परदेशात अडकलेल्यांना या निधीतून घरी आणले जाते आणि न निघालेल्यांना पैसे परत मिळतात. ऑक्टोबर 2017 मध्ये मोनार्क बंद पडली तेव्हा तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाने सुमारे 1,10,000 प्रवाशांना परत आणले. सप्टेंबर 2019 मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा ही संख्या सुमारे 1,50,000 होती. (भारतातली थॉमस कुक ही 2012 पासूनच वेगळ्या मालकीची असल्याने तिला याची झळ लागली नाही.) नुसते विमानाचे तिकीट घेणाऱ्याला अॅटॉल सहसा लागू होत नाही. त्याच्यासाठी 1974 च्या ग्राहक पतकायद्याचे कलम 75 आहे. 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंतची खरेदी क्रेडिट कार्डाने केली असेल, तर विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने भारताचे तिकीट तिथल्या क्रेडिट कार्डावर काढले, तर त्यालाही हे संरक्षण मिळू शकते. भारतात बँकेवर अशी कायदेशीर जबाबदारी नाही; इथली चार्जबॅकची सोय कार्ड कंपन्यांच्या आपसातल्या नियमांवर उभी आहे.

प्रवास विम्याचा आधार पॉलिसीत विमान कंपनीची दिवाळखोरी स्पष्ट लिहिलेली असेल तरच धरावा. करोनाकाळात अनेकांच्या पदरी पडलेल्या ‘क्रेडिट शेल’सारख्या जमा रकमेत धोका अधिक, कारण मूळ व्यवहार जुना होऊन चार्जबॅकची मुदत उलटलेली असू शकते. डळमळत्या कंपनीकडे रक्कम जमा ठेवण्यापेक्षा रोख परतावा मागणे केव्हाही बरे.

जेटचे अवसायन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी दिला, तर गो फर्स्टच्या अवसायनाचा आदेश न्यायाधिकरणाकडून 20 जानेवारी 2025 रोजी आला. अवसायन सुरू होताच अवसायक नव्याने दावे मागवतो. आधी दावा केलेल्या प्रवाशानेही ती जाहीर सूचना वाचावी आणि आपले नाव व रक्कम यादीत बरोबर आली आहे का, ते तपासून घ्यावे.