मूलपेशी : आशा ठेवू, पण पैसे मोजण्याआधी विचारू



आज मी सोसलेहून बोलतोय. म्हैसूर जिल्ह्यात, टी. नरसीपूर तालुक्यात, कावेरीच्या काठचं हे गाव. व्यासराज मठामुळे तुमच्यापैकी काहींनी नाव ऐकलं असेल. मी आलोय ते माझ्या युनिटमधल्या एका हवालदाराच्या घरी. मी मराठी, तो कन्नड. आमची दोघांची भाषा म्हणजे फौजेतली हिंदी. २००८ साली डोंगराळ रस्त्यावर गाडी दरीत गेली आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. कमरेखाली तेव्हापासून संवेदना नाही. मी त्या वेळी त्याचा कमांडिंग ऑफिसर होतो.

मध्यंतरी त्याने मोबाइलवर जपानमधली एक बातमी पाहिली. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचल्यावर पाठीच्या कण्याला मार लागलेला एक माणूस उभा राहिला. त्याने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘साब, अपना नंबर कब?’

त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे आलो. आणि तेच उत्तर तुम्हालाही सांगावं असं वाटलं, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा पदवीधर आहे आणि या विषयात एकदा चांगलाच ठेचकाळलेला माणूस आहे. ती ठेचही आज सांगणार आहे, त्याच्या परवानगीने.

आधी मूलपेशी म्हणजे काय ते बघू. फौजेचं ट्रेनिंग सेंटर डोळ्यांसमोर आणा. तिथे रिक्रूट येतो तेव्हा तो ना ड्रायव्हर असतो, ना स्वयंपाकी, ना वायरलेस ऑपरेटर. पुढे काहीही होऊ शकतो. आपल्या हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, असंच एक सेंटर आहे. तिथल्या मूलपेशी स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि त्यांतल्याच काही पुढे तांबड्या पेशी होतात, काही पांढऱ्या, काही रक्त गोठवणाऱ्या. दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी या कारखान्यातून बाहेर पडतात.

पण प्रत्येक सेंटर आपल्याच शाखेचा जवान तयार करतं. मज्जेतली रक्ताची मूलपेशी रक्त तयार करते. ती मज्जारज्जूत नेऊन टोचली म्हणजे तिथे मज्जातंतू उगवतील, असं नाही. ही एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक असती, तर पुढचं बरंच टळलं असतं.

आता आशेची बाजू. ती हवेतली नाही. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवानी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी. स्वतः डॉ. अडवानी लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवर असतात. आज हे प्रत्यारोपण देशातल्या अनेक रुग्णालयांत होतं, आणि त्यात काम करतात त्या मूलपेशीच.

दुसरं उदाहरण आपल्या घराघरातलं. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी मूल हातात घेऊन दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी त्यात जळतात आणि डोळ्यावर पांढरट पडदा येतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून अशा डोळ्यांवर मूलपेशींचं प्रत्यारोपण होतंय. दुसरा डोळा चांगला असेल तर त्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घेऊन जळलेल्या डोळ्यावर लावतात आणि त्यातून नवा पृष्ठभाग तयार होतो.

तिसरं उदाहरण वेल्लोरचं. हिमोफिलियात रक्त गोठत नाही, साध्या धक्क्याने सांध्यात रक्तस्राव होतो. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांच्या स्वतःच्या रक्तमूलपेशी काढल्या, त्यांत दुरुस्त जनुक बसवला आणि त्या परत दिल्या. २०२४च्या डिसेंबरमध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नव्हता. पाच म्हणजे फार थोडे रुग्ण, हे खरं. पण मोजलेले, नोंदवलेले आणि इतर शास्त्रज्ञांसमोर मांडलेले.

आता माझी ठेच. २०११ साली एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचं माहितीपत्रक या घरी पोचलं. तुमच्याच मज्जेतून मूलपेशी काढू, कण्यात टोचू, चार इंजेक्शनं, सहा लाख रुपये. सोबत चालू लागलेल्या रुग्णांचे फोटो. हवालदाराने मला विचारलं. मी आमच्या युनिटच्या डॉक्टरला विचारलं. तो तरुण कॅप्टन. तो म्हणाला, ‘सर, पुरावा कुठे आहे? फोटो म्हणजे पुरावा नव्हे.’ मी त्याला म्हणालो, ‘तुला एक जवान उभा राहायला नकोय का?’ कर्नलने असं विचारल्यावर कॅप्टन काय बोलणार? तो गप्प बसला. मी वर्गणी गोळा केली. उरलेल्या पैशांसाठी याच्या वडिलांनी नदीकडचं अर्धा एकर भाताचं शेत विकलं.

पहिल्या इंजेक्शननंतर पायात मुंग्या आल्यासारखं वाटलं. घरात पेढे वाटले. दुसऱ्यानंतर ताप आला. चौथ्यानंतर काहीच नाही. ‘आणखी दोन घ्या’, असं दवाखान्याने सांगितलं. दरम्यान खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये शिकवलेला रोजचा व्यायाम सुटला होता, कारण आता तर उभंच राहायचं होतं! त्यातून पाठीला जखम झाली, ती भरायला आठ महिने गेले. माझ्या नोकरीत मी बरेच हुकूम दिले. हा एक चुकला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेताने मोजली.

आज सकाळी मी त्याला विचारलं, यातलं किती सांगू? तो म्हणाला, ‘सब बोलो साब. खेतवाली बात भी बोलना.’

म्हणून आता काळजीची बाजू. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा शीर्षकात मूलपेशी ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ मध्ये त्यातला ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढून टाकला. २०१७च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या विकारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला. औषध नियंत्रकांची परवानगी मिळालेली मोजकी उत्पादनं सोडली, तर बाकीचं सगळं संशोधन. आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

परदेशातही हेच घडतं. अमेरिकेत फ्लोरिडात तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या, एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत. त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, त्या उपचाराची नोंद सरकारी चाचण्यांच्या यादीत दिसत होती आणि तरी पैसे घेतले होते. तेव्हा नुसती नोंद म्हणजे परवानगी नव्हे.

दुसरी काळजी किमतीची. सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्या विदर्भात, नंदुरबारमध्ये आहे, आणि इकडे म्हैसूर-चामराजनगरच्या जंगलपट्ट्यातल्या आदिवासींमध्येही आहे. त्यावर मूलपेशींचं जनुक बदलून करायच्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. आजार गडचिरोलीत आणि औषध बोस्टनच्या भावात, असं असेल तर त्या शोधाचा आपल्या माणसाला काय उपयोग? वेल्लोरसारखं काम आपल्याच देशात होणं का गरजेचं आहे, ते इथे कळतं.

जपानची बातमी खरी आहे का? खरी आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशीला पुन्हा ‘रिक्रूट’ करून दाखवलं. त्यासाठी भ्रूण लागत नाही, म्हणून एक मोठा नैतिक वाद निवळला. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या पद्धतीच्या पेशी वापरून केयो विद्यापीठाने चार रुग्णांवर चाचणी केली. २०२५च्या मार्चमध्ये सांगितलं गेलं की, चौघांपैकी दोघांमध्ये सुधारणा दिसली आणि एक जण उभा राहू लागला. पण या पेशी दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिल्या होत्या. आणि इतक्या लवकरच्या काळात काही सुधारणा आपोआपही होते.

म्हणजे ज्याच्या दुखापतीला सतरा वर्षं झाली, त्याच्यासाठी ती बातमी आज उत्तर नाही. हे मी त्याला याच ओट्यावर बसून सांगितलं.

मग करायचं काय? फौजेत हल्ल्याआधी रेकी करतात. तसे तीन प्रश्न विचारा. पहिला, हा मान्य उपचार आहे की चाचणी? दुसरा, चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिचा क्रमांक काय, आणि नैतिकता समितीची व औषध नियंत्रकांची परवानगी कुठे आहे? तिसरा, पैसे मागताय का? चाचणी म्हणून पैसे मागितले, की उठा आणि घरी या. आणि कुणी तरुण कॅप्टन ‘पुरावा कुठे आहे’ म्हणाला, तर त्याला गप्प करू नका.

गेल्या वर्षी हे प्रश्न मी माझ्याच घरात वापरले. मुलीच्या बाळंतपणाआधी खासगी बँकेचा प्रतिनिधी आला. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, आयुष्यभराचा विमा समजा, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, बाळाला जन्मजात रक्तविकार निघाला तर तोच दोष या रक्तातही असेल ना? तो म्हणाला, असेल. घरात आधीच कुणाला प्रत्यारोपणाची गरज असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तसं काही नव्हतं. आम्ही पैसे भरले नाहीत.

त्याऐवजी जावई आणि मुलगी दोघांनी मज्जादाता म्हणून नाव नोंदवलं. सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. ज्याचं भावंड जुळत नाही, त्याला अनोळखी दात्याचा आधार मिळू शकतो. नोंदणीला गालाच्या आतल्या बाजूचा नमुना पुरतो. तुम्ही तरुण असाल, तर एवढं नक्की करा. ही मूलपेशींची आज, आत्ता काम करणारी बाजू आहे.

आणि ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे, त्यांनी शरीर राखून ठेवावं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. सात वर्षांनी, १९७२ मध्ये, हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. तिथे चमत्कार नव्हता, रोजचा सराव होता.

आमच्या हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ नदीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘ठीक है साब. फिर भी जपान की खबर आए तो भेजना.’ मी म्हटलं, भेजूंगा. आधी मी ती नीट वाचेन, त्या कॅप्टनलाही दाखवेन, मगच पाठवेन. तो आता स्वतः मोठा डॉक्टर झालाय आणि माझा फोन अजून उचलतो, ही त्याची मेहरबानी.

जय हिंद.