गावचे क्रीडाकेंद्र आणि त्याचे स्वयंसेवक



समाजमंदिराची एक खोली, तिच्यात कॅरमचा बोर्ड, व्हॉलीबॉल, उड्यांच्या दोऱ्या व थोडी वाचावयाची पुस्तके, आणि समोर मुलांना धावण्यापुरती मोकळी जागा, एवढे असले की गावात क्रीडाकेंद्र उभे राहते. ते बहुधा एखाद्या शिक्षकाच्या उत्साहातून उभे राहते. शाळा सुटल्यावर खोली तोच उघडतो, फक्कीने मैदान तोच आखतो, पंचाचे काम तोच करतो, आणि अंधार पडल्यावर चेंडू मोजून कुलूपही तोच लावतो. दोन-तीन वर्षे केंद्र गजबजलेले असते. पुढे त्या शिक्षकाची बदली होते. वर्षभरात कुलपास गंज चढतो, आणि व्हॉलीबॉल कोणाच्या माळ्यावर पडला आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी गाव उदासीन आहे असे म्हणण्याची रीत आहे. परंतु त्या गावाकडे केंद्राचे कोणते काम कधी सोपविले होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. एकट्याने सर्व करणारा कार्यकर्ता नकळत इतरांना प्रेक्षक बनवितो. खो-खोमध्ये पाठलाग करणारा गडी वेळीच खो देत नसेल, तर आठ गडी बसून राहतात आणि तो एकटा दमतो.

स्वयंसेवक मिळविण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ग्रामसभेत आवाहन करणे. तरुणांनी पुढे यावे असे म्हटले की वीस हात वर होतात, आणि सोमवारी दोघे येतात. यात तरुणांचा खोटेपणा नसतो. पुढे येऊन नेमके काय करावयाचे, कोणत्या वारी, किती वेळ आणि किती महिने, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ज्याला सीमा नाही असे काम पत्करण्यास शहाणा मनुष्य कचरतो. याच्या उलट, शिक्षक स्वतः घरी जाऊन म्हणाला, ‘दर गुरुवारी साडेपाचला मैदान तेवढे आखून द्याल का? दिवाळीपर्यंतच,’ तर नकार क्वचित मिळतो. आणि मिळालाच तर तो प्रामाणिक असतो.

कामांची वाटणी कशी करावी याचा धडा कबड्डीच्या नियमांतच आहे. सामन्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन सहायक गुणलेखक लागतात. म्हणजे एकही चढाई न करणारी सहा माणसे. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण पंच होऊ शकतो. किराणा दुकानदाराचा हिशेब पक्का असतो, तो गुण लिहील. दहावीत नापास झाल्यामुळे ज्याला घरात कोणी विचारीत नाही, अशा मुलाला सहायक गुणलेखकाची वही द्यावी. तो सर्वांच्या आधी येऊन बसतो. निवृत्त सैनिक कवायत घेईल, शिंपी फाटलेली जाळी शिवून देईल, आणि झिम्मा-फुगडीची गाणी येणाऱ्या आजीबाई तर बोलावण्याचीच वाट पाहत असतात.

विनावेतन लोककार्य महाराष्ट्राच्या शिक्षकांस नवे नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शिक्षकांनी व सुशिक्षित गावकऱ्यांनी प्रौढांना लिहावयास-वाचावयास शिकविले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मोहीम पुढे राज्यभर पसरली. पण समारंभानंतर ती साक्षरता टिकवावयाची कशी, हा प्रश्न उरलाच. क्रीडाकेंद्राचेही तसेच आहे. उद्घाटनाच्या दिवशी माणसांची वाण पडत नाही.

माणसे टिकावयाची तर त्यांना थोडे शिकवावे लागते. मुंबईच्या नागपाडा भागात क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी चालविलेल्या ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ या वस्तीकेंद्रातील अनुभवातून समाजकार्याचे रीतसर शिक्षण देण्याची गरज पुढे आली, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय तेथेच सुरू झाले. तेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. खेड्यातील केंद्रास विद्यालयाची गरज नाही. दोन संध्याकाळ पुरतात. पहिल्या संध्याकाळी खेळाचे नियम आणि मुरगळ, खरचटणे यांवरील प्रथमोपचार सांगावे. दुसरी संध्याकाळ मुलांशी वागण्यासाठी राखावी, आणि तीच अधिक महत्त्वाची. मुलावर हात उगारावयाचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई आहे. केंद्रात निराळा न्याय नको. दोन प्रौढ हजर असल्याशिवाय केंद्र उघडावयाचे नाही, आणि कोणीही एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबावयाचे नाही. ओळखीच्या माणसास हे सांगताना संकोच वाटतो. म्हणून ते सर्वांना पहिल्याच दिवशी सांगावे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यास पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तो गावात बसून मिटविण्याची मुभा कोणासही नाही.

फुकट काम करणाऱ्यास बोलता येत नाही, हा समज केंद्राचा फार घात करतो. स्वयंसेवक सतत उशिरा येतो, मुलांना घालूनपाडून बोलतो, किंवा पंचायतीच्या निवडणुकीत आपल्या पुढाऱ्याचा फलक केंद्राच्या भिंतीवर लावतो. शिक्षक गप्प बसतो, आणि इतर चांगली माणसे हळूहळू येईनाशी होतात. बोलावे, पण एकांतात आणि त्याच आठवड्यात. काम झेपत नसेल तर काम बदलून द्यावे. मुलांना त्याच्यापासून अपाय होत असेल तर मात्र त्याच दिवशी थांबवावे. तेथे भीड कामाची नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकाच्या नजरेतून निसटते. पाण्याची घागर भरून आणणे एका वस्तीकडे आणि शिट्टी दुसऱ्या वस्तीकडे, अशी वाटणी न ठरविता होऊन बसते. ती कोणी मुद्दाम केलेली नसते, म्हणूनच ती मोडण्यासाठी कोणी तरी मुद्दाम पाळ्या लावल्या पाहिजेत. मुली येत नाहीत अशी तक्रार असेल तेथे एखादी स्वयंसेविका आहे काय, हे आधी पाहावे. बचत गटातील भगिनी येण्यास तयार असतात. पण संध्याकाळी त्यांची चूल पेटलेली असते. मुलींचा खेळ रविवारी दुपारी चारला ठेवला की ही अडचण पुष्कळशी दूर होते.

पेरणीत आणि सुगीत माणसे येणार नाहीत. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या गैरहजेरीचा राग धरू नये. वेळापत्रकच हंगाम पाहून करावे. परत आलेल्यास त्याचे जुने काम पुन्हा द्यावे, म्हणजे आपली जागा राखली होती हे त्यास कळते. हार-नारळापेक्षा याचे मोल अधिक आहे.

केंद्राच्या किल्ल्या तीन असाव्यात आणि त्यांपैकी दोन गावकऱ्यांकडे असाव्यात. साहित्याची वही खोलीतच टांगलेली असावी. काम सुरळीत चालू लागले की शिक्षकाने आठवड्यातून एक दिवस केंद्राकडे मुद्दाम फिरकू नये. बदलीचा आदेश येईपर्यंत यासाठी थांबू नये. पहिल्या खेपेस मैदानाची रेघ वाकडी पडेल, कदाचित एखादा चेंडू हरवेल. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने वही उघडून, चेंडू शोधावयास कोण गेले होते, एवढेच विचारावे.