आमचं बालपण टीव्हीच्या आधीचं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



समितीने मला ‘जुने दिवस’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर आमच्या पिढीकडून धान्याचे भाव, पगार आणि शिस्त एवढंच ऐकायला मिळतं. ते मी टाळतो. मी जुन्या टीव्हीबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. आमच्या बालपणी टीव्ही नव्हताच. माझं बालपण दरेकसाला गेलं. तेव्हा आपला सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. नवल वाटावं अशा जागा मोजक्याच. स्टेशनाजवळचा बोगदा, त्यातून धूर ओकत बाहेर येणारी गाडी. कचारगडची गुहा. आणि दिवाळीनंतरची मंडई. तिथे रात्रभर दंडार चालायची आणि आम्ही पोट्टे पोतं अंथरून पहाटेपर्यंत बसायचो. पुढे शिक्षण झालं, बँकेत लागलो. दिवसभर लेजर जुळवणाऱ्या माणसाला नवल वाटायला सवड कुठली?

ते पुन्हा वाटलं पंचविशीत. १ ऑगस्ट १९७५ ला ‘साईट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह आपल्या इस्रोने एका वर्षासाठी वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट आकाशातून टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण डोंगरगडच्या पलीकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, रायपूरकडची खेडी होती. आपल्यापैकी दरेकसा-सालेकसाकडच्या घरांची सोयरीक त्या बाजूला असतेच. माझी मावसबहीण तिकडे दिलेली. तिच्या गावी गेलो तर शाळेजवळ कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री उभी! सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. शेतीचा कार्यक्रम लागला होता. खरं सांगायचं तर कंटाळवाणा होता. पण सगळं गाव मंडईसारखं पोती टाकून बसलेलं आणि मी त्यांच्यात, बँकेची पँट सावरत, तोंड उघडं ठेवून!

३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला, उपग्रह परत नेला गेला. बहीण सांगायची, त्यानंतरही काही दिवस पोरं संध्याकाळी तिथे येऊन बसायची आणि विचारायची, “टीव्ही काहून बंद झाला?”

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं झाली, जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय, मी थांबतो. फक्त एवढंच म्हणतो, की जुनं ते सगळं सोनं नव्हतं. आज ‘रामायण’ पाहताना युद्धाचे भाग मला लांबलेले वाटतात. बाण हवेत एकमेकांना शोधत फिरतात.

गेल्या उन्हाळ्यात नात आली होती, वय वर्षे नऊ. तिला मोबाइलवर ‘एक, अनेक और एकता’ हा जुना कार्टूनपट दाखवला. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेला, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला. आपली मराठी बाई, आणि ‘साईट’साठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यातही त्यांचा वाटा होता. चित्रं भीमसेन यांची. जाळ्यात अडकलेले पक्षी जाळ्यासकट उडतात, एवढीच गोष्ट. पोरीने पहिल्याच मिनिटाला पुढे ढकलायला बोट नेलं. मी म्हटलं, “आमच्या वेळी पुढे ढकलता येत नव्हतं, तसंच बघ.” तिने बघितलं. संपल्यावर म्हणाली, “आबा, उंदीर येईपर्यंत मला वाटलं ते सुटणारच नाहीत.” मग म्हणाली, “परत लावा.”

त्या “सुटणारच नाहीत”वर मी बराच विचार केला. पुढे काय होणार हे माहीत नसणं आणि ते कळेपर्यंत बसून राहावं लागणं, माझ्या मते आमचं नवल तेवढ्यातच होतं. शेजारी दहा जणांचा श्वास अडकलेला असायचा, हेही आलंच. जुनी चित्रफीत आता कुणालाही मिळते. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातलं बरंच काही इंटरनेटवर ठेवलं आहे. शेजारचे दहा जण मात्र तिथे मिळत नाहीत. आपल्या सोसायटीत आज एकेका घरात चार चार पडदे आहेत, आणि दोन घरं अशी आहेत जिथे एकटं माणूस संध्याकाळी सहापासून टीव्हीसमोर जेवणाचं ताट घेऊन बसतं. नावं घेत नाही. ती दोघंही आज इथे आलेली आहेत.

म्हणून समितीपुढे एक मागणी ठेवतो. खालचा हॉल पूर्णवेळ भाड्याने देण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस भाड्याचं महत्त्व जाणतो, देखभालीचा खर्चही मला ठाऊक आहे. तरी दर महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी सात ते नऊ, भाड्यातून वगळावा. त्या दोन तासांचं भाडं वर्षभरासाठी मी आगाऊ भरतो, खजिनदारांनी उद्या पावती फाडावी. पडदा म्हणून पांढरी भिंत आहेच. पहिल्या दिवशी मुळेबाईंचे पक्षी, मग ‘मालगुडी डेज’चे दोन भाग, आणि जमलं तर प्रभावळकरांचा चिमणराव. खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना. बाकीच्यांनी सतरंजी घरून आणावी. रिमोट माझ्या नातीकडे राहील, तिला बजावून ठेवलं आहे.